जुन्या रेकॉर्ड धुवायचा धंदा करताय? आधी तबकडी ओळखा

"ताई, जुन्या रेकॉर्ड साफ करून द्यायचं काम आपल्याकडे चालेल का?" असं बरेच जण विचारतात. चालेल. चौल-रेवदंड्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर रेकॉर्डच्या पेट्या अजून निघतात आणि आपल्या पावसात त्यांना बुरशी धरतेच. मुंबईच्या चोरबाजारात लोक रेकॉर्ड विकत घ्यायला जातात. आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे, त्याला घरातलीच रेकॉर्ड परत ऐकायची असते. ती बिघडली तर दुसरी आणून देऊन भागत नाही.

हे मी नुकसान करून शिकले. पहिल्याच वर्षी एका आजींची नाट्यगीताची रेकॉर्ड मी स्पिरिटने पुसली. कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होती ती रेकॉर्डच! आजी रागावल्या नाहीत. "राहू दे गं," म्हणाल्या आणि पिशवीत घालून घेऊन गेल्या. मी पैसे घेतले नाहीत, पण त्याने काय होतंय?

कारण साधं आहे. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फ्रेंच पॉलिश करणारा सुतार तेच तर करतो. एलपी मात्र विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची. भारतात रेकॉर्डिंग १९०२ मध्ये सुरू झालं, पण ७८ च्या रेकॉर्ड १९६० नंतरही निघत होत्या. त्यामुळे गाण्याच्या सालावरून अंदाज बांधू नका. जड, जाड, ठिसूळ, पडली तर कपबशीसारखी फुटणारी, ती लाखेची. शंका असेल तर लाखेचीच समजा. वाकवून बघू नका हं!

धुताना डिस्टिल्ड वॉटर आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब पुरतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं. मग परत डिस्टिल्ड वॉटरनेच धुऊन सावलीत उभी वाळवायची. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. लाखेची रेकॉर्ड पाण्यात भिजत ठेवायची नाही, आणि चीर गेलेली तर धुवायला घेऊच नका.

आता सुई. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची सुई तिथे तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. उलट ७८ ची सुई एलपीवर टेकवलीत तर एलपी खराब. म्हणून दोन्ही सुया ठेवा. सुटकेससारखे स्वस्त नवे प्लेअर दिसायला छान, पण गिऱ्हाइकाची रेकॉर्ड मी त्यावर लावत नाही. त्यापेक्षा सुईचा दाब कमी-जास्त करता येणारा जुना टर्नटेबल दुरुस्त करून घ्या. महागड्या स्पीकरवर सुरुवातीला एक रुपया घालू नका.

आणि पावती! रेकॉर्ड घेताना गिऱ्हाइकासमोरच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ओरखडे मोजून लिहा. "मळ जाईल, ओरखडा जाणार नाही," हे तोंडी सांगाच, पावतीवरही छापून घ्या. लाखेच्या रेकॉर्डचा दर मी वेगळा लावते आणि एका वेळी एकच धुवायला घेते.