नाताळकथा आणि चुलीची माती

डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'ने (१८४३) नाताळकथेचा साचा रूढ केला: कृपण धनिकाचे हृदयपरिवर्तन आणि भाच्याच्या घरचे सणाचे भोजन. मराठीभाषक माधवराव सप्रे (निधन : रायपूर, १९२६) यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदी कथा १९०१ मध्ये 'छत्तीसगढ मित्र' मासिकात प्रसिद्ध झाली. ती हिंदीतील पहिली कथा की नाही, हा वाद येथे गौण. तीतही धनिक पालटतो. मात्र सण नाही, भुतेही नाहीत. नात जेवेनाशी झाली म्हणून विधवा आजी गमावलेल्या झोपडीची माती चुलीसाठी मागते. ती टोपली जमीनदाराला उचलवत नाही. डिकन्सला नाताळची अवघी रात्र लागते, सप्रे यांना वृद्धेचे एक वाक्य पुरते. कौटुंबिक उबेचे स्थान येथे पंगतीऐवजी चुलीकडे आहे.