कठड्याच्या बाळपलंगाची घडण : कातीव गज, सागवान आणि साठ मिलिमीटरचे बंधन

प्रस्तावना

मराठी घरात पाळण्याचे आयुष्य अल्प आणि स्मृती दीर्घ असते. बारशाच्या दिवशी तो घराच्या मध्यभागी येतो. बाळ हातापायांवर उठू लागले की त्याचे काम संपते आणि तो माळ्यावर जातो. पुढच्या बाळंतपणाला तोच पाळणा पुन्हा खाली उतरतो. शहरी घरांत या पाळण्याच्या जोडीला, पुष्कळदा त्याच्या जागी, चार पायांवर स्थिर उभा राहणारा कठड्याचा पलंग आलेला आहे. बाजारात त्यास ‘बेबी कॉट’ अथवा ‘क्रिब’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘बाळपलंग’ हा शब्द योजला आहे.

या दोन वस्तूंमधील फरक केवळ आकाराचा नाही. पाळण्यातील मूल बहुधा कोणाच्या तरी हाताशी वा नजरेसमोर असते. बाळपलंगात ते रात्रभर, घरातील सर्वजण झोपलेले असताना, बसू व उभे राहू लागल्यानंतरही निजते. म्हणजे या वस्तूला माणसाच्या देखरेखीची जागा काही अंशी स्वतःच घ्यावी लागते. सुताराकडे येणारी मागणी मात्र दोन्ही वस्तूंची सरमिसळ करून येते. ग्राहकास आजोळच्या पाळण्यासारखे लाखेच्या रंगातील कातीव गज हवे असतात, चारही खांबांवर छोटे कळस हवे असतात, उशाकडील फळीवर जाळीचे कोरीवकाम हवे असते. आणि हे सारे आधुनिक शयनगृहातील स्थिर पलंगावर हवे असते. वरवर पाहता ही मागणी कौशल्याची वाटते, परंतु अवघड वाटत नाही. ती अवघड का आहे, याचे स्पष्टीकरण करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मापाचा प्रश्न

टेबल, कपाट, दिवाण यांची मापे सोय, शोभा आणि लाकडाची उपलब्धता यांवरून ठरतात. बाळपलंगातील सर्वांत महत्त्वाचे माप बाळाच्या देहावरून ठरते. दोन गजांमधील फट रुंद असेल, तर तान्ह्या मुलाचे पाय व कंबर त्यातून सरकून बाहेर जातात. डोके मात्र जात नाही. मूल कठड्याबाहेर लोंबकळते आणि मान अडकते. अमेरिकेत या कारणाने होणारे मृत्यू लक्षात घेऊन 1973 साली पहिले सक्तीचे नियम प्रसिद्ध झाले आणि 1974 पासून अमलात आले. दोन गजांमधील अंतर कोणत्याही बिंदूपाशी 6 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे, ही त्यांतील मध्यवर्ती अट आजही कायम आहे. युरोपीय मानक ईएन 716 हे अंतर 45 ते 65 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावयास सांगते. तेथे खालची मर्यादाही आहे, कारण फार अरुंद फटीत हातपाय अडकतात.

‘कोणत्याही बिंदूपाशी’ या दोन शब्दांत सुताराची खरी परीक्षा आहे. अमेरिकी पूर्णाकारी पलंगाची आतील लांबी साधारण 1330 मिलिमीटर असते. प्रथम 30 मिलिमीटर रुंदीच्या सरळसोट गजांचा विचार करू. एका बाजूस 14 गज बसविले, तर 15 फटी पडतात आणि प्रत्येक फट 60.67 मिलिमीटरची होते. युरोपात हा कठडा मान्य ठरेल, अमेरिकेत दोन-तृतीयांश मिलिमीटरने नापास होईल. 15 गज बसविल्यास 16 फटी पडून प्रत्येक फट बरोबर 55 मिलिमीटरची येते आणि दोन्ही मानकांत बसते. सरळ गजांपुरता प्रश्न येथे संपतो.

कातीव गजांचा संपत नाही. कातारी गजाला पोट आणि गळा देतो; किंबहुना त्या चढउतारातच कातकामाचे सौंदर्य असते. पोटाशी 30 मिलिमीटर जाड असलेला गज गळ्याशी 18 मिलिमीटरवर आणला, तर 15 गजांच्या कठड्यात पोटाशी फट 55 मिलिमीटर असली तरी गळ्याशी ती 67 मिलिमीटर होते. फुटपट्टी पोटाशी लावणारा सुतार समाधानी राहतो आणि धोका वीतभर वर तसाच उरतो. गज वाढवून 17 केले, तर पोटाशी 45.6 आणि गळ्याशी 57.6 मिलिमीटर अशी फट येते. कागदावर हे दोन्ही मानकांत बसते, पण युरोपीय खालच्या मर्यादेपासून अवघे सहा-दशांश मिलिमीटर दूर आहे. हाताने कातलेल्या दोन गजांत याहून अधिक फरक सहज पडतो. अशा हिशेबावर विसंबणे म्हणजे कारागिराच्या हाताला यंत्र समजणे होय.

यातून निघणारा अधिक शहाणपणाचा मार्ग असा : गज 16 घ्यावेत आणि गळा 24 मिलिमीटरपेक्षा बारीक करू नये. मग फट पोटाशी 50 आणि गळ्याशी 56 मिलिमीटर राहते. दोन्ही मर्यादांपासून चार-पाच मिलिमीटरची मोकळीक मिळते. मात्र कातारीच्या वाट्याला त्रिज्येवर केवळ 3 मिलिमीटरची खोली उरते. एवढ्यात जुन्या पाळण्याचा डौल यावा कसा? येथे लाख उपयोगी पडते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने घासली असता चकाकते. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या वलयांची योग्य मांडणी केल्यास उथळ खाचही डोळ्याला खोल भासते. आकाराने जे देता येत नाही ते रंगाने देणे, ही तडजोड ग्राहकाला नमुन्याचा एक गज प्रत्यक्ष कातून दाखविल्याशिवाय सहसा पटत नाही. तो नमुना करण्याची मजुरीही कोणी देऊ करीत नाही, हे वेगळे.

गज बसविण्यासाठी भोके आखतानाही एक सामान्य चूक संभवते. प्रत्येक भोक मागच्या भोकापासून मोजीत गेल्यास अर्ध्या मिलिमीटरची चूक सोळा वेळा साचून शेवटच्या फटीत 8 मिलिमीटरचा फरक पाडू शकते. म्हणून सर्व खुणा एकदाच एका पट्टीवर आखून, त्या फर्म्यावरून वरची आणि खालची आडवी पट्टी एकत्र धरून भोके पाडावीत.

लाकडाची हालचाल

महाराष्ट्रात अशा कामासाठी प्रथम पसंती सागवानाला मिळते. ती केवळ प्रतिष्ठेची नाही. ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडे होताना सागवान वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आक्रसते. परदेशी बाळपलंगांत वापरल्या जाणाऱ्या मेपलसाठी हेच आकडे सुमारे 9.9 आणि 4.8 आहेत. तरीही ‘सागवान हलत नाही’ हा समज खरा नव्हे. हवेची सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असताना लाकडातील ओलावा सुमारे 16 टक्क्यांवर स्थिरावतो. ती 40 टक्क्यांवर आली, की तो 8 टक्क्यांच्याही किंचित खाली जातो. कोकणातील पावसाळा आणि वातानुकूलित शयनगृह यांच्यात जवळपास एवढेच अंतर आहे.

उशाकडील 400 मिलिमीटर उंचीची, आडव्या शिरांची सागवानी फळी ओलाव्यातील 6 टक्क्यांच्या बदलाने सुमारे साडेचार मिलिमीटर लहानमोठी होते. ती चौकटीत सर्व बाजूंनी चिकटवून टाकली, तर ती तरी तडकते किंवा चौकटीचे सांधे उघडते. म्हणून फळी खाचेत मोकळी ठेवावी लागते. गजांच्या बाबतीत उलट स्थिती आहे. 12 मिलिमीटरचे कुसू आक्रसून दशांश मिलिमीटरने बारीक झाले, तरी भोकात खुळखुळू लागते. मूल ते गोल फिरवू लागते आणि कालांतराने बाहेर काढते. तेव्हा फळीला मोकळीक आणि गजाला घट्ट बंधन, अशा दोन परस्परविरोधी गरजा एकाच चौकटीत सांभाळाव्या लागतात. सागवानातील तेलकटपणामुळे सरसही सहज धरत नाही. रंधा मारल्यानंतर विलंब न लावता, पृष्ठभाग थिनरने पुसून सांधा चिकटवणे आवश्यक ठरते.

या सर्वांस लागणारा वेळ हा स्वतंत्र अडथळा आहे. अनेक घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्या वस्तू घरात आणू नयेत असा संकेत पाळला जातो. परिणामी मागणी प्रसूतीनंतर येते आणि वस्तू बारशापर्यंत, म्हणजे बारा दिवसांत, हवी असते. इतक्या अवधीत वखारीतून आणलेले लाकूड घराच्या हवेला रुळत नाही, पॉलिशही पुरते वाळत नाही. सातव्या महिन्यात मागणी घेऊन वस्तू कार्यशाळेतच तयार ठेवणे आणि घरी नंतर पोचविणे, हा संकेत न मोडता निघणारा तोडगा आहे. बारशासाठी जुना पाळणा असतोच.

कळस, जाळी आणि उघडणारी बाजू

खांबांवरील कळसांबाबत नियम मनोरंजक आहे. उभे राहिलेल्या मुलाच्या अंगरख्याचा गळा, नाडी किंवा गळ्यातील दोरा टोकात अडकून फास बसू शकतो. म्हणून अमेरिकी मानकानुसार खांब कठड्याच्या वर जवळपास मुळीच येता कामा नये. मर्यादा आहे दीड मिलिमीटरची. मात्र खांब 406 मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर तो चालतो, कारण एवढ्या उंचीवर मुलाचे कपडे अडकत नाहीत. म्हणजे मच्छरदाणीचे उंच खांब निर्दोष ठरतात आणि ग्राहकास आवडलेला चार बोटांचा कळस नेमका धोक्याचा ठरतो.

जाळीबाबत अडचण अशी, की लहान भोकात बोट अडकते, मोठ्या भोकात त्याहून मोठा अवयव अडकतो आणि नक्षीतील प्रत्येक आडवा कंगोरा चढणाऱ्या मुलास पायरीसारखा उपयोगी पडतो. आरपार जाळीऐवजी फळीच्या बाहेरील अंगास उथळ कोरीवकाम केल्यास हे तिन्ही प्रश्न मिटतात.

सरकवून खाली उतरणारी बाजू ही मागणी सर्वांत सहानुभूतीने ऐकण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या आईला कठड्यावरून वाकणे खरोखरच कठीण जाते. परंतु सरकत्या बाजूची खिळी झिजते, निखळते आणि गादी व कठडा यांच्या मध्ये मूल अडकते. 2000 सालापासूनच्या दशकात अमेरिकेत अशा पलंगांशी किमान 32 मृत्यू जोडले गेले आणि जून 2011 पासून तेथे त्यांच्या निर्मितीस व विक्रीस बंदी आली. आईची अडचण वेगळ्या रीतीने सोडविता येते : चारही बाजू पक्क्या ठेवून गादीखालचा पाट वरखाली बसविण्याची सोय करावी. युरोपीय मानकानुसार पाटापासून कठड्याची उंची वरच्या स्थानी किमान 300 आणि खालच्या स्थानी किमान 600 मिलिमीटर हवी. मूल बसू लागताच पाट खाली उतरविणे हे काम मात्र सुताराचे नाही, पालकांचे आहे. ते त्यांना स्पष्ट सांगणे हे सुताराचे आहे.

गादीविषयीही त्यानेच बोलले पाहिजे. पिंजलेल्या कापसाची मऊ गादी, उशा, कडेने लावलेल्या गिरद्या यांत मायेचा भाग असला, तरी तान्ह्याचे नाक त्यांत दबते. कठड्याला आतून बांधावयाच्या मऊ पट्ट्यांवर अमेरिकेने 2022 च्या कायद्याने बंदी घातली. गादी घट्ट, सपाट आणि कडेने फट न सोडणारी हवी. म्हणून पलंगाची आतील मापे आणि गादीची मापे एकाच दिवशी ठरवावीत.

रंग

दात येऊ लागले, की मूल कठड्याची वरची पट्टी चघळते. त्यामुळे लेपाचे रसायन हा शोभेचा विषय राहत नाही. शुद्ध लाख या बाबतीत उत्तम आहे. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरही तिचा लेप देतात. दोष असू शकतो तो तिच्यात मिसळलेल्या रंगद्रव्यात. क्रोम पिवळा म्हणजे शिशाचे क्रोमेट आणि तांबडा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण 2016 च्या नियमांनी 90 पीपीएमपर्यंत मर्यादित केले असून ते नोव्हेंबर 2017 पासून लागू आहेत. तसे निवेदन रंगाच्या डब्यावर छापलेले असते. कारागिराने स्वतः वळलेल्या लाखेच्या कांडीवर ते असण्याचे कारण नाही. तेथे विचारून, खात्री करूनच रंग घ्यावा. खात्री नसेल तर चघळता येणारी वरची पट्टी तरी बिनरंगी लाखेची ठेवावी.

ग्राहकाचा आग्रह आणि पुढची पिढी

‘ग्राहकाने तसेच सांगितले होते’ या उत्तराने फट अरुंद होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदी जुलै 2020 पासून अमलात आल्या असून वस्तूच्या रचनेतील दोष हाही त्यांत दायित्वाचा आधार आहे. तरीही हा प्रश्न प्रथमतः कायद्याचा नाही. एकदाच, एकाच घरासाठी बनणारी वस्तू कोणत्याही प्रयोगशाळेत चाचणीसाठी मोडून पाहिली जात नाही. कारखान्यातील वस्तूच्या पहिल्या नमुन्यावर जे प्रयोग होतात, ते येथे आखणीच्या कागदावर आणि नमुन्याच्या गजावरच करावे लागतात.

शिवाय ही वस्तू माळ्यावर जाऊन परत येणार असते. सुटे करावयाच्या जागी लाकडात थेट स्क्रू पिळले, तर दुसऱ्या जोडणीला आटे धरत नाहीत. अमेरिकी नियमांत अशा ठिकाणी लाकडी स्क्रूस मनाई आहे ती याच कारणाने. तेथे नट-बोल्टच हवेत आणि चार-पाच वर्षांनी त्यांतले दोन हरवलेले असणार, हेही गृहीत धरावयास हवे. जादा बोल्ट व चावी कापडी पिशवीत घालून पाटाखाली बांधावीत, बोल्टची लांबी व जाडी आडव्या पट्टीच्या आतील बाजूस कोरून ठेवावी. त्यांच्यासोबत आखणीची पट्टी आणि एक जादा कातलेला गज द्यावा. मधला एखादा गज मोडल्यास नवा कातणाऱ्याला गळा किती जाड ठेवावयाचा हे त्यावरून कळते. अन्यथा तो शेजारच्या गजाकडे पाहून अंदाजाने कातील, आणि त्याच्या डोळ्याला 20 मिलिमीटरचा गळा अधिक देखणा वाटण्याची शक्यता बरीच आहे.