गिरणगाव पायी पाहताना

स्थलदर्शनावर बोला, असे या मालेच्या चालकांनी मला सांगितले, तेव्हा मी एखादा किल्ला निवडीन असे त्यांना वाटले असावे. आमच्या पामहून तारापूरचा किल्ला जवळच आहे. चिमाजी आप्पांच्या फौजेने तो १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतला. त्यावर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते मुंबईच्या गिरणगावाविषयी. ही वस्ती पुरती दीडपावणेदोनशे वर्षांचीही नाही आणि आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत चालली आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले दहाबारा कामगार घेऊन मी वर्षातून एकदा तिकडे जातो. पहिल्याच खेपेस एका कंत्राटी पोराने मला अडवले. "काका, १९२८ साली दीड लाख माणसे सहा महिने संपावर होती म्हणता, मग ती खात काय होती?" प्रश्न रोकडा होता. आमच्या भाषणांत त्याचे उत्तर 'एकजूट' या एका शब्दात उरकलेले असते. एकजूट शिजवून खाता येत नाही. तेव्हापासून मी ही फेरी त्या प्रश्नाभोवतीच आखतो.

विरारला गाडी बदलून आम्ही लोअर परळला उतरतो आणि पूर्वेच्या अंगाला ना. म. जोशी मार्गावर येतो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून डिलाईल रोड आहे. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढणाऱ्या आणि १९२० साली देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभारणाऱ्यांपैकी एक असलेल्या जोश्यांचे नाव या रस्त्याला पडले, हे योग्यच झाले. येथे बीडीडी चाळी आहेत. सरकारने त्या १९२०च्या दशकात बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे, म्हणून पाहायचे ते लवकर पाहावे.

येथे मी मंडळींना उभे करून दोनच गोष्टी सांगतो. पहिली अंतराची. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि पुढे परळ-लालबागपर्यंत धुराडी उठली, तेव्हा कामगाराला गाडीभाडे परवडणारे नव्हते. भोंगा ऐकू येईल आणि चालत जाता येईल इतक्या टापूतच त्याला राहावे लागले. दुसरी गोष्ट खोलीची. रत्नागिरीकडच्या किंवा साताऱ्याकडच्या एकाच गावचे पंधरावीस गडी एक खोली भाड्याने घेत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागी तिसऱ्या पाळीचा आडवा होई. खोली गावची, जेवण खानावळीचे, किराणा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून वहीवर.

आता संप झाला असे धरा. वाण्याची सारी गिऱ्हाइके एकाच वेळी संपावर. उधारी बंद केली तर मागची बाकी बुडते आणि गिऱ्हाईकही कायमचे तुटते. म्हणून तो कुरकुरत का होईना, वही चालू ठेवी. खानावळवालीचेही तेच. (या बायांना स्वतःची संघटना मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, प्रेमा पुरवांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.) पुष्कळसे गडी गावी निघून जात आणि शेतावर राबत, इकडे तेवढी तोंडे कमी होत. फुटीर कोण, हे शोधावे लागत नसे, कारण तो शेजारच्याच पथारीवर झोपलेला असे. पोराच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. संपाचा निधी तिजोरीपेक्षा या गल्लीतच जास्त होता.

मात्र या वस्तीचे गोडवे गाणाऱ्यांबरोबर मी फार दूर जात नाही. तुटलेले सूत धोट्यातून तोंडाने ओढावे लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि पगार तेथे जास्त होता. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे ज्या शेजारावर संप टिकत होता, त्या शेजाराला कुंपण होते. हे मी चाळीच्या सावलीत उभा राहूनच सांगतो. सभागृहात ते फार सोपे वाटते.

करी रोडचा पूल ओलांडून लालबागला भारतमाता सिनेमापाशी आलो की १९८२ची गोष्ट निघतेच. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गल्ली तीच, वाणी तोच, गावही तेच. मग संप का खचला? एक कारण कायद्यात होते. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणी करण्याचा हक्क दिला होता, आणि कामगार होते दुसऱ्याच बाजूला. दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते. मालाला भिवंडीचे यंत्रमाग मिळाले होते. गल्ली कामगाराला जगवू शकत होती, पण मालकाला गिरणीची गरज वाटायला लावू शकत नव्हती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

पुढची कथा जमिनीची. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. गिरणी म्हणजे बहुतेक इमारतच! सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही दुरुस्ती उचलून धरली. रुळांच्या पश्चिमेला फिनिक्स गिरणीच्या जागी उभे असलेले मॉल पाहताना पोरे फोटो काढतात. मी त्यांना अडवत नाही.

गेल्या खेपेस परतीच्या गाडीत त्याच पोराने, कोणी न सांगता, प्रत्येकाला राहण्याचे ठिकाण विचारले. आम्ही अकरा जण, सारे एकाच कारखान्याचे. कोणी सफाळ्याचा, कोणी डहाणूचा, कोणी ठेकेदाराच्या गाडीने मनोरहून येणारा. पामचे दोघे निघाले. त्यांच्या पाळ्या निराळ्या असल्यामुळे त्यांची ओळख त्या दिवशी गाडीतच झाली.