कोनसेट आवळण्याआधी

दिवाळी सरली की पंधरवड्यात कार्तिकी पौर्णिमा येते आणि कपिलधारची यात्रा भरते. मन्मथ स्वामींच्या समाधीला लातूर-नांदेडकडून, कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. बाकीचे बरेच लोक मोटारसायकलवर. मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडचा आणि केज-अंबाजोगाईकडचा रस्ता मिळतो, तिथून थोडं आत बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण. म्हणजे एकाच खेपेत गाडीला सरळ महामार्ग, घाटाची वळणं, गतिरोधक आणि गर्दीतला पायी वेग, सगळं मिळतं. हँडलात काही दोष असेल तर तो या वाटेवर लपत नाही.

तक्रारी चार-पाचच असतात. हँडल जड झालंय. गाडी डुलतेय. एका बाजूला ओढतेय. पुढचा ब्रेक मारला की खालून कट्ट वाजतं. पन्नासच्या पुढे गेलं की हँडल थरथरतं. आणि पुष्कळ गॅरेजांत या सगळ्यांवर एकच उत्तर ठरलेलं: ‘कोनसेट आवळून देतो.’ कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती वर-खालची बेअरिंग. आवळणं पाच मिनिटांचं काम, पैसेही किरकोळ. माझं म्हणणं असं की यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचा कोनसेटशी संबंध नसतो, आणि ज्यांचा असतो त्यांतही नुसतं आवळून भागत नाही. उलट जास्त आवळलेला कोनसेट चांगली गाडी बिघडवतो.

असं का, हे कळायला गाडी सरळ कशी चालते ते आधी पाहावं लागतं. हँडल ज्या नळीत फिरतं ती नळी मागे झुकलेली असते. तिची रेष जमिनीपर्यंत वाढवली तर ती पुढच्या टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे आठ-दहा सेंटीमीटरवर पडते. या अंतरामुळे चाक हॉस्पिटलातल्या ट्रॉलीच्या फिरत्या चाकासारखं मागे ओढलं जातं आणि सरळ राहायला बघतं. गाडी डावीकडे कलली तर हँडल आपसूक किंचित डावीकडे वळतं आणि गाडी पुन्हा उभी राहते. हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल या विद्यार्थ्याने, १८९९ साली, सायकलसाठी. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स यांनी चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा खटाटोप केला. फिरत्या चाकाचा परिणाम रद्द करणारं उलटं फिरणारं जादा चाक लावूनही ती चालवता आलीच. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी तर फिरत्या चाकाचा परिणाम नाही आणि ते मागे ओढलं जाणंही नाही, अशी छोटी सायकल बनवली. ढकलून दिल्यावर तीही स्वतःला सावरत गेली. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण सावरायचं तर हँडल मोकळं फिरलं पाहिजे, एवढं पक्कं.

चालवणारा हँडल फिरवतो असं आपण समजतो. खरं तर गाडी सेकंदागणिक हँडलात बारीक बारीक दुरुस्त्या करत असते आणि आपण फक्त तिच्यावर हात ठेवून असतो. कोनसेट जास्त आवळला की या बारीक दुरुस्त्या अडतात. मग यात्रेच्या गर्दीत हळू चालताना गाडी डावीकडे-उजवीकडे भटकते आणि चालवणाऱ्याला वाटतं, कोनसेट अजून सैल आहे. तो पुन्हा गॅरेजला जातो, तिथे तो आणखी आवळला जातो.

म्हणून तपासणी मागून पुढे करावी. सगळ्यात आधी हवा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाला पंचवीस पौंडांच्या आसपास हवा लागते, मागच्याला त्याहून जास्त, डबलसीटला आणखी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पंक्चरवाल्याकडे मात्र दोन्हीकडे एकच आकडा भरण्याची पद्धत आहे. ती का पडली देव जाणे. पुढची हवा कमी असेल तर हँडल जड होतं, आणि ‘हँडल जड झालं’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं एवढंच असतं. हवा टायर थंड असताना मोजायची, वीस किलोमीटर चालवून आल्यावर नाही.

मग टायर. महामार्गावर सरळ पळणाऱ्या गाडीचं मागचं टायर मधोमध झिजून सपाट होतं. अशी गाडी वळणावर आधी कलायला नकार देते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. मांजरसुंब्याच्या घाटात हे चांगलंच जाणवतं. त्याला कोनसेट काय करणार? चाक उचलून फिरवून बघावं, रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, दिसतो. तारांची रिम असेल तर तारा सैल आहेत का तेही वाजवून कळतं.

ओझं हा इथला खास विषय. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबं कारखान्यांकडे निघतात, आणि मोटारसायकलवर मागे गाठोडी, भांडी, कधी दोन माणसं असतात. दूधवाल्यांच्या कॅनही मागेच लटकतात. हे वजन मागच्या चाकाच्या आसाच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि हलकं पुढचं चाक थरथरायला तयारच असतं. जड वस्तू सीटवर, चालवणाऱ्याच्या पाठीशी, आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या घेतल्या तर अशी कितीतरी थरथर गॅरेजला न जाता थांबते.

एका बाजूला ओढणारी गाडी बहुधा मागून वाकडी असते. चेन ताणताना दोन्हीकडचे अॅडजस्टर सारखे फिरवले नाहीत की मागचं चाक तिरकं बसतं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणांवर फार भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा दोरा बरा. मागच्या टायरला पाठीमागून दोरा लावून दोन्ही टोकं पुढे न्यायची, दोरा मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल असा ताणायचा आणि हँडल सरळ धरायचं. पुढचं टायर मागच्यापेक्षा बारीक असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना फट राहते. ती सारखी असली पाहिजे. त्याच वेळी डबल स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवावं. चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा चिमट्याच्या बुशमध्ये खेळ असेल तर हाताला लगेच कळतो. गाडी ओढते का हे बघायचं ते सपाट रस्त्यावर, कारण रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरता असतो आणि डावीकडून चालणारी प्रत्येक गाडी थोडी डावीकडे जातेच. हात सोडून मात्र बघू नये.

आता पुढे या. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. हँडल एका बोटाने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध आल्यावर खटकन बसल्यासारखं वाटलं तर कोनसेटला खाचा पडल्या आहेत. सगळीकडे जड असेल तर तो जास्त आवळलेला आहे, ग्रीस वाळलंय, किंवा क्लचवायर अथवा वायरिंग कुठे अडकतंय. वायर आधी बघा, ती फुकट दुरुस्त होते. मग पुढचे शॉकॉप खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला आणि दुसऱ्या माणसाला, शॉकॉप जिच्यात धरलेले असतात त्या टीखालच्या फटीवर बोट ठेवायला सांगा. तिथे कट्ट जाणवलं तर कोनसेट सैल. तिथे काही नाही आणि आवाज मात्र खालून येतोय, तर शॉकॉपच्या आतल्या बुश झिजल्या असतील. शेवटी पुढचं चाक वर-खाली धरून आडवं हलवा, म्हणजे चाकाची बेअरिंगही कळते. हे चार हात न लावता पाना उचलणारा मिस्त्री मला पटत नाही.

मधोमध खाच का पडते? गाडी जवळजवळ सगळा वेळ सरळ चालते, हँडल थोड्याच अंशांत हलतं. छर्रे पूर्ण फिरत नाहीत, ग्रीस बाजूला सरतं, आणि प्रत्येक खड्ड्याचा, गतिरोधकाचा ठोका त्याच जागी बसतो. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, हिरो होंडाची सीडी १०० त्याच वर्षी आली. तेव्हापासून गावोगावी पसरलेल्या हलक्या गाड्यांत बहुधा सुटे छर्रेच असतात. छर्रा एका बिंदूवर टेकतो, म्हणून खाच लवकर पडते. मोठ्या गाड्यांतल्या टेपर रोलरचा भार एका रेषेवर पसरतो, तो जास्त टिकतो.

खाच पडलेला कोनसेट आवळून बरा होत नाही. छर्रे त्या खाचेतच आणखी घट्ट बसतात. तो बदलायचाच असतो, आणि वरच्या-खालच्या वाट्या, कोन, छर्रे असा सगळा संच. नुसते छर्रे बदलणं म्हणजे पैसे वाया. चाक, मडगार्ड, हेडलाइट, हँडल उतरवून वरचा नट सोडला की टी खाली येते आणि छर्रे भसकन गळतात, म्हणून खाली आधी फडकं पसरावं. गळलेले छर्रे मोजून ठेवावेत, नवे बसवताना तेवढेच लागतात. जुन्या वाट्या नळीतून लांब सळई घालून, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, बेताने ठोकत काढाव्या. नवी वाटी बसवताना तिच्यावर जुनी वाटी पालथी ठेवून ठोकली तर कड खराब होत नाही. वाटी तिरकी बसली तर पुढचं सगळं काम फुकट.

भरपूर ग्रीसमध्ये छर्रे मांडून टी वर चढवली की खरं कसब सुरू होतं. नट आधी चांगला आवळायचा, हँडल दोन्हीकडे पाच-सहा वेळा पूर्ण फिरवायचं म्हणजे वाट्या बसतात, आणि मग नट थोडा मागे घ्यायचा. परीक्षा अशी: चाक अधांतरी असताना हँडलला मधून हलकासा धक्का दिला तर ते आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना सारखं पडलं पाहिजे, आणि शॉकॉप ढकलल्यावर खेळ नसला पाहिजे. वरचा मोठा बोल्ट घट्ट केल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यायची, कारण त्या आवळण्यानेही कोनसेट दाबला जातो. नवा संच काहीशे किलोमीटरनंतर बसतो आणि किंचित सैल होतो, तेव्हा एकदा परत दाखवायला यायचं. गिऱ्हाईक येत नाही, मिस्त्री सांगत नाही.

वेगात हँडल थरथरू लागलं तर काय करायचं, हेही यात्रेकरूंना माहीत हवं. ही थरथर सेकंदाला चार ते दहा वेळा होते, एवढ्या वेगाने हाताने उलटा जोर देता येत नाही; दिला तर चुकीच्या क्षणी बसतो. हँडल ताठ धरू नये, जोरात ब्रेक मारू नये. गुडघ्यांनी टाकी दाबावी, अंग थोडं पुढे घ्यावं, अॅक्सिलरेटर सावकाश सोडावा आणि गाडी मंदावल्यावर कडेला घ्यावी.

गाडी पडून आली असेल तर क्रम बदलतो. हँडल वाकडं आणि चाक सरळ असं दिसलं की लोक घाबरतात, पण कितीदा तरी शॉकॉप टीमध्ये नुसते पिळलेले असतात. आस आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करून, चाक दोन्ही मांड्यांत धरून हँडल सरळ केलं, शॉकॉप दोन-तीनदा दाबले आणि बोल्ट आवळले की काम झालं. तरीही गाडी ओढत असेल तर शॉकॉपची नळी काढून जाड काचेवर लोळवून बघावी. वाकलेली नळी काचेवर उडते. थोडी वाकलेली नळी प्रेसवर सरळ करून मिळते, सुरकुती पडलेली मात्र फेकून द्यावी. नळ्या सरळ निघाल्या तर नजर हँडलच्या नळीखाली, जिथे चॅसीचे पाइप जोडलेले असतात तिथे न्यावी. तिथल्या रंगाला बारीक तडा किंवा सुरकुती दिसली तर चॅसी बसली आहे, आणि त्या गाडीला कोनसेट कितीही नवा घातला तरी ती सरळ चालणार नाही.