एक पडदा, चार गडी

दूरदर्शन-संचाला यंत्र जोडून खेळावयाचे व्हिडिओ खेळ पुष्कळ निघतात आणि दोन-चार वर्षांत विसरलेही जातात. १९९७ साली निघालेला ‘गोल्डनआय ००७’ मात्र याला अपवाद ठरला. जेम्स बाँड या गुप्तहेराच्या १९९५ सालच्या चित्रपटावरून तो इंग्लंडातील ट्वायक्रॉस या खेड्यात ‘रेअर’ या कंपनीने ‘निन्टेंडो ६४’ या यंत्राकरिता तयार केला. करणारी मंडळी अवघी दहाएक. त्यांतील बहुतेकांचा हा पहिलाच खेळ.

खेळणाराला सारे दृश्य नायकाच्या डोळ्यांनी दिसते. केवळ गोळ्या झाडून येथे भागत नाही. पहारेकऱ्यांची नजर चुकवून नेमून दिलेली कामगिरी पार पाडावी लागते. आणि काठिण्याची पायरी चढली की कामगिऱ्याही वाढतात. त्यामुळे पाहिलेलीच जागा पुन्हा नवी वाटते.

परंतु खरी गोडी निराळीच आहे. एकाच पडद्याचे चार भाग करून चौघांनी परस्परांविरुद्ध खेळावयाची सोय निर्मितीच्या अखेरच्या काही महिन्यांत करण्यात आली. शेजारच्या चौकोनात डोकावले की प्रतिस्पर्धी कोठे लपला आहे ते कळे! ऑडजॉब हे ठेंगणे पात्र नेमात सहज सापडत नसे. म्हणून ते कोणी घ्यावयाचे नाही, असा नियम कित्येक ठिकाणी गड्यांनीच घातला.

आज त्यातील चित्रे ओबडधोबड वाटतात. तरीही २०२३ साली हा खेळ नव्या यंत्रांवर पुन्हा आला. यंत्राने न घातलेले नियम गड्यांनी आपखुशीने पाळले, कारण प्रतिस्पर्धी शेजारीच बसलेला असे. या खेळाचे चिरंतन आकर्षण त्या शेजारातच आहे.