अदृश्य द्रव्याचा माग

विश्वांत जें द्रव्य दृष्टीस पडतें, त्याच्या सुमारें पांचपट द्रव्य न दिसणारें आहे, असें ज्योतिषशास्त्रज्ञ मानतात. इ. स. १९३३ त फ्रिट्झ झ्विकी यांस अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेस असलेल्या तारकाविश्वांचे वेग इतके अधिक आढळले कीं, केवळ दृश्य द्रव्याच्या आकर्षणानें तीं एकत्र राहणें अशक्य होतें. हें अदृश्य द्रव्य कशाचें बनलें आहे, तें अद्याप कोणास ठाऊक नाहीं.

एक उपपत्ति अशी कीं, त्याचे दोन कण भेटले म्हणजे परस्परांचा नाश करितात व त्यांतून नित्याचे कण व त्यांचे प्रतिकण समसमान उपजतात. इलेक्ट्रॉन ऋणभारित, तर त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन धनभारित; तो कार्ल अँडरसन यांनीं १९३२ त विश्वकिरणांतच शोधून काढिला. आतां प्रतिकणांसच एवढें महत्त्व कां? जोंधळ्याच्या राशींत मूठभर जोंधळे आणखी पडले तर कोणास कळणार? पण चार गुंजा पडल्या तर पोर देखील त्या वेंचून काढील!

२०११ च्या मे महिन्यांत आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर ‘ए. एम. एस.’ नांवाचें यंत्र बसविण्यांत आलें. त्यांतील चुंबकामुळें धनभारित कण एका बाजूस व ऋणभारित दुसऱ्या बाजूस वळतात. परंतु प्रोटॉनही धनभारितच, आणि ते पॉझिट्रॉनांच्या हजारोंपट! त्यांतून पॉझिट्रॉन निवडणें हें खरें कसबाचें काम होय.

विश्वकिरण तारकांमधील वायूवर आदळूनही पॉझिट्रॉन उपजतात. पण तसे पॉझिट्रॉन ऊर्जा वाढेल तसे इलेक्ट्रॉनांच्या मानानें कमी होत जावयास हवेत. प्रत्यक्षांत ते वाढतात, आणि सुमारें ३०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टनंतर झपाट्यानें घटतात. अदृश्य कणांचा नाश होत असेल तर अशी घट अपेक्षितच आहे, कारण कणाच्या वस्तुमानांत असेल त्याहून अधिक ऊर्जा त्यांतून निघणार नाहीं.

तथापि दुसराही संशयित आहे. पल्सर म्हणजे वेगानें फिरणारे मृत तारे. तेही पॉझिट्रॉन फेंकतात. मिथुन राशींतील गेमिंगा हा त्यांपैकीं एक. २०१७ त मेक्सिकोंतील पर्वतावरील वेधशाळेस असें आढळलें कीं, त्याच्या भोंवतालचे पॉझिट्रॉन फार संथपणें पसरतात. ते पृथ्वीपर्यंत पोंचत नसावेत. यावर कित्येकांचें म्हणणें असें कीं, हा संथपणा त्या ताऱ्याच्या आसपासच असेल, पुढें नसेल. आमच्या मतें हा आक्षेप हलका नव्हे.

म्हणून आतां अधिक जड प्रतिकण हुडकीत आहेत. एक प्रतिप्रोटॉन व एक प्रतिन्यूट्रॉन मिळून प्रतिड्यूटेरॉन होतो. सामान्य आघातांतून तो उपजलाच तर वेगवान असतो. संथ प्रतिड्यूटेरॉन त्यांतून जवळजवळ निघतच नाहींत. तसे थोडे जरी निश्चित सांपडले, तरी पल्सरवर संशय घेतां येणार नाहीं.