दोन क्लचची गाडी आणि बोईसरची गर्दी

पालघरहून तारापूर एमआयडीसीत माल पाहायला जाताना, बोईसरला पाळी सुटण्याच्या वेळी आमच्या ऑटोमॅटिक गाडीला जळका वास आला. लूमवाल्या बांधवांना तो ठाऊक आहे. मोटरचा पट्टा पुलीवर घसरला की हाच येतो.

या गाडीत क्लच दोन. एकाकडे 1, 3, 5 हे गिअर, दुसऱ्याकडे 2, 4, 6. एक सुटताच दुसरा धरतो, म्हणून मनोरच्या हायवेवर गिअर बदललेला कळतही नाही. पण मुंगीच्या पावलाने चालताना क्लच पूर्ण धरला तर इंजिन बंद पडेल. म्हणून तो घसरत राहतो नि तापतो. शिवाय 1 आणि 2 मध्ये अदलाबदल चालू राहते, तेच झटके. तेलात बुडालेला क्लच उष्णता जास्त सोसतो. 2013 साली भारतात आलेल्या पोलो जीटी टीएसआयचा कोरडा होता.

आमची सवयच चुकीची होती. अर्धा ब्रेक दाबून सरकत राहू नये. पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून निघावे. चढावर गाडी ब्रेकने धरावी, अॅक्सिलरेटरने नव्हे. क्लच बदलणे म्हणजे हंगामाच्या नफ्याला कात्री. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ती मोकळ्या रस्त्यावर नव्हे, अर्धा तास गर्दीत चालवून पाहावी.